सांगोल्याचं लीड

मिरजेहून सोलापूरला जाणारी एसटी नागजचा फाटा ओलांडून जुनोनीत आली, की सांगली जिल्हा संपतो आणि सांगोला तालुका लागतो. द्राक्षांचे मांडव मागं पडतात. बाभळी, बोरी, मोकळे माळ, आणि मधेच शेततळ्याच्या काळ्या प्लास्टिकला खेटून उभी असलेली डाळिंबाची एखादी बाग. माणदेशाचा हा पूर्वेकडचा भाग. विधानसभेच्या यादीत याचा क्रमांक 253, लोकसभेला माढा. हा मतदारसंघ राज्याला दोनच गोष्टींमुळे माहीत आहे: अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख आणि गुवाहाटीच्या हॉटेलातून शहाजीबापू पाटलांनी केलेला तो फोन. एक साधेपणाची आख्यायिका, एक विनोदी क्लिप. या दोन्हींच्या आड तालुका नेमकं मत कसं देतो ते बघायला मी निघालो होतो. 2024 च्या विधानसभेचा निकाल लागून गेला होता, गुलाल अजून ठिकठिकाणी भिंतींना चिकटलेला होता.

गाडीत आमदारांसाठी राखीव असलेल्या सीटवर एक आजी टोपली घेऊन बसल्या होत्या. कंडक्टरला विचारलं, इथं कधी आमदार बसलेले पाहिलेत का? तो तिकीट फाडता फाडता म्हणाला, "आबासाहेब बसायचे की. आता पाटी हाय नुसती." आबासाहेब म्हणजे गणपतराव. ते मुंबईच्या अधिवेशनालाही एसटीनं जायचे, ही गोष्ट महाराष्ट्रात इतक्यांदा छापून आली आहे की ती आता खरी असूनही खोटी वाटायला लागते. तालुक्यात मात्र ती कुणी कौतुकानं सांगत नाही. पाऊस पडला, गाडी चुकली, आबा एसटीतून उतरले, एकाच दमात सांगून मोकळे होतात.

आधी आकडे. गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, शिक्षणानं वकील. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) लाल बावट्यावर 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, 1967 ला पुन्हा आले, 1972 ला पडले. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले, आणि मग 1978, 1980, 1985, 1990 ओळीनं. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापूंनी त्यांना 192 मतांनी पाडलं. 1999 ला त्यांनी जागा परत घेतली आणि 2004, 2009, 2014 ला राखली. शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा वय ऐंशीच्या बरंच पुढं होतं. मधल्या काळात दोनदा मंत्री झाले, 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि 1999 च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात. 2019 ला स्वतः थांबले, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 ला गणपतराव गेले. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी 25 हजारांच्या वर लीड घेऊन जागा परत मिळवली.

या मालिकेकडे बघून लोक म्हणतात, सांगोला एका माणसाशी एकनिष्ठ राहिला. ते मला पटत नाही. 192 आणि 768 हे आकडे एकनिष्ठतेचे नाहीत, दोन भागांत वाटलेल्या तालुक्याचे आहेत. एकीकडे शेकापचा गट, दुसरीकडे शेकापविरोधाचा. वर्षानुवर्षं दोन्ही गट जवळपास तोलामोलाचे, आणि निकाल ठरतो तो मधल्या माणसावर.

सांगोल्यात उतरलो तो रविवार होता, म्हणजे जनावरांचा बाजार. खिलार खोंडांची दावण लागली होती, शिंगांना हिंगूळ, गळ्यात नवे कंडे. एका खोंडाभोवती चौघे उभे होते. एकानं त्याचा जबडा उघडून दात पाहिले, दुसऱ्यानं शेपटीखाली हात घालून मागचा पाय उचलला, मालकानं कासरा ढिला सोडून चार पावलं चालवून दाखवलं. मग मालक आणि व्यापाऱ्यानं उपरण्याखाली हात घातले, बोटं दाबून भाव सांगितला गेला. बघणाऱ्यांना काही कळलं नाही, सौदा झाला. बाजाराच्या कडेच्या हाटीलात बसलो तर तिथंही गावागावांचा तसाच उघड्यावर न बोलता सौदा चाललेला. कुणाच्या गावानं किती लीड दिलं, कुणी मायनस केलं, कुणाच्या वाडीवर रात्री कोण गेलं होतं. एका म्हाताऱ्या गड्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "पावणं, पेपरवालं का?"

"नाही, फिरायला आलोय."

"फिराय सांगोल्यात? आता हितं बघाय काय हाय?" आणि मग तो स्वतःच हसून म्हणाला, "बापूंनी सगळं गुवाहाटीलाच बघितलं."

जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा एकनाथ शिंदेंसोबत गुवाहाटीला गेलेल्या आमदारांत शहाजीबापू होते. कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना त्यांनी झाडी, डोंगर आणि हॉटेलाचं जे वर्णन केलं ते महाराष्ट्रभर गाजलं. बाहेरच्यांना त्यात गंमत दिसली. कोरड्या तालुक्यातल्या माणसाला हिरवे डोंगर पाहून जे वाटतं ते त्या बोलण्यात होतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. हाटीलातल्या मंडळींना मात्र त्यात फार रस नव्हता. त्यांच्या लेखी ती क्लिप लोकांची करमणूक. मत त्यावर ना वाढलं, ना घटलं.

मग कशावर? मी विचारलं. तिघांनी एकदम सांगितलं, "दीपकआबा."

दीपक साळुंखे-पाटील. 2019 ला ते राष्ट्रवादीत होते आणि त्यांनी शहाजीबापूंना मदत केली. बापू 768 नं आले. 2024 ला दीपकआबा उद्धव ठाकरेंच्या सेनेची मशाल घेऊन स्वतः उभे राहिले आणि त्यांनी जवळपास 51 हजार मतं घेतली. बाबासाहेबांना 1,16,256, बापूंना 90,870. बापू आणि दीपकआबांची बेरीज केली तर ती एक लाख चाळीस हजारांवर जाते, विजेत्याच्या कितीतरी पुढं. म्हणजे 2024 चं लीड मोठं दिसतं, पण विरोधी मतं कमी झालेली नव्हती, फुटलेली होती. वर्तमानपत्रांनी याला सहानुभूतीची लाट म्हटलं. सहानुभूती असेलही, शेकापची मतं 2019 पेक्षा सतरा-अठरा हजारांनी वाढली हे खरंच आहे. पण तिसरा उमेदवार नसता तर चित्र काय झालं असतं, हे हाटीलातला म्हातारा बोटांवर मोजून सांगत होता.

जातीचं गणित इथं सगळे बोलतात, फक्त दबक्या आवाजात. गणपतराव धनगर समाजातले, तालुक्यात हा समाज मोठा, आणि त्यांच्या विजयाचं श्रेय बाहेरचे विश्लेषक बहुधा इथंच देऊन टाकतात. पण 1990 ला जो समाज होता तोच 1995 ला होता, आणि तरीही आबा पडले. 2014 ला होता तोच 2019 ला होता. जात पायाला असते. वरची भिंत दुसऱ्याच कशानं तरी उभी राहते.

ती भिंत पाण्याची. शिरभावी योजनेतून 81 गावांना भीमेचं पाणी नळानं मिळालं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी दोन कोस हिंडलेल्या पिढीनं ते कधी विसरलं नाही. सिंचनाचं पाणी हा वेगळा, जास्त लांबलेला लढा. 1993 पासून आटपाडीत दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात आणायची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी तालुक्याच्या काही भागांत पोचलंय, काही भाग अजून कालव्याकडं बघतोय. शहाजीबापूंनी त्यांच्या काळात उजनीच्या पाण्यावरची बाळासाहेब ठाकरे उपसा सिंचन योजना मंजूर करून आणल्याचा प्रचार केला. म्हणजे झेंडा कुठलाही असो, इथं आमदाराला पाण्याचा हिशोब द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट शेजारच्या तालुक्यांशी ताडून पाहावी. पंढरपूर, माळशिरसच्या राजकारणाची नाडी साखर कारखान्यात आहे. सांगोल्यात कारखाना निघाला, पण तो बरीच वर्षं बंद होता. गणपतरावांनी उभी केली ती शेतकरी सहकारी सूतगिरणी, आणि तीही कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात. गाठी बाहेरून यायच्या. अशा ठिकाणी चालू राहिलेली सूतगिरणी म्हणून तिचं नाव झालं. उसाच्या बिलाची धमकी देऊन मत मिळवणारा चेअरमन मात्र तालुक्यात तयार झाला नाही. मला वाटतं, सांगोल्याच्या मतदाराचा ताठ कणा बराचसा इथून येतो.

दुसऱ्या दिवशी महूदकडं गेलो. चिकमहूद हे बापूंचं गाव. तिथं बोलणं एकदम बदललं. हरलेल्या गावात लोक जास्त मोकळे बोलतात हा माझा अनुभव आहे. एक तरुण शेतकरी मला त्याच्या बागेत घेऊन गेला. भगव्या डाळिंबाची जुनी झाडं, निम्मी वाळलेली. त्यानं एका खोडावरची साल बोटानं खरवडली. खाली टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं, भोकांतून निघालेला पिवळट भुसा. खोडकिडा. याला इथं पिनहोल बोरर म्हणतात. त्यानं हातातल्या कात्रीनं फांदी छाटली तर आतला गाभा काळा पडलेला. "तेल्या रोगाला औषध मारता येतं, हे आतनं खातंय," तो म्हणाला. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना 1990 च्या सुमारास आली आणि सांगोला डाळिंबाचा तालुका झाला. ठिबक, शेततळी, स्लॅबची घरं, पोरांची इंजिनिअरिंगची फी, सगळं डाळिंबातून निघालं. देशातली शंभरावी किसान रेल्वे 28 डिसेंबर 2020 ला सांगोल्याहून पश्चिम बंगालच्या शालिमारला सुटली, तिला पंतप्रधानांनी हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर दोनेक वर्षांत या किड्यानं बागाच्या बागा काढायला लावल्या. मी त्याला विचारलं, याचा मतावर परिणाम झाला का? त्यानं फांदी बांधाला टाकली. "बाग काढल्याचे पैसे कुणी दिलं न्हाईत. ना ह्यानी, ना त्यानी."

प्रचारात डाळिंब किती होतं? जवळजवळ नव्हतंच. फोन, गद्दार, निष्ठा, नातू, हेच होतं. तालुक्यातली सर्वांत मोठी आर्थिक पडझड निवडणुकीत मुद्दा झाली नाही, याबद्दल कुणाही उमेदवाराला माफ करता येत नाही.

महूदहून पुढं भाळवणीला गेलो. तालुका पंढरपूर, विधानसभा सांगोला. 2008 च्या पुनर्रचनेनंतर भाळवणी मंडळातली गावं 2009 पासून सांगोल्यात मतदान करतात. आबांच्या तपश्चर्येची, एसटीची, पाणी परिषदेची गोष्ट इथं आठवणीत नाही, ऐकीव आहे. कालवा, ऊस आणि विठ्ठलाच्या गावाचं राजकारण जवळचं. एका दुकानदारानं स्वच्छ सांगितलं, "आमाला दोन्ही आबा परकेच, बापू बी परकेच. कामाला कोण येतंय बघतो." सांगोल्याच्या दोन पारंपरिक गटांत न बसणारी ही गावं आहेत, आणि 768 च्या लढतीत अशा गावांचं वजन किती, हे पुढाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

शेकाप एके काळी महाराष्ट्रातला मोठा विरोधी पक्ष होता. 2024 ला रायगडातही त्याच्या हाती काही लागलं नाही. विधानसभेत त्याचा एकच आमदार निवडून आला, आणि तो सांगोल्याचा. ऑगस्ट 2023 मध्ये गणपतरावांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा देवेंद्र फडणवीस आणि शरद पवार एकाच व्यासपीठावर होते. लाल बावट्याच्या नेत्यासाठी सत्ता आणि विरोधक असे शेजारी बसतात, याचा अर्थ ते नाव आता पक्षाच्या मालकीचं राहिलेलं नाही. ते ज्याला वापरता येईल त्याचं आहे. बाबासाहेब देशमुखांसमोरची खरी अडचण हीच आहे: आजोबांचं नाव पुढच्या वेळी विरोधकांच्याही पत्रकावर असेल.

पुढच्या निवडणुकीला सांगोल्याचा निकाल टीव्हीवर पाहाल तेव्हा पहिल्या क्रमांकाचं नाव आणि लीड ऐकून लगेच चॅनेल बदलू नका. तिसऱ्या क्रमांकाला किती मतं पडली ते आधी बघा, पुढच्या पाच वर्षांचं राजकारण तिथं कळेल.