चिकटण्याआधी

4 जुलै, शिरोली एमआयडीसी

रात्रपाळीला लावलेला चटणीच्या पाऊचचा जॉब मालकांनी सकाळी येताच थांबवला. गिऱ्हाईक जिल्ह्यातलंच, कांदा-लसूण चटणीवालं. मागच्या लॉटमधल्या पाकिटांचे पदर महिन्याभरात सुटले, अशी तक्रार. नमुना टेबलावर होताच: बाहेरची छापील बीओपीपी, म्हणजे ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची फिल्म, एकीकडे, आतलं पॉलिथिन दुसरीकडे आणि मध्ये उतरलेलं लालभडक तेल. चटणी, लोणचं यांच्यापुढे कच्चा जोड टिकत नाही. तेच लॅमिनेट बिस्किटाला गेलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"साहेब, गोंदच हलका आलाय बघा," मामा म्हणाले. बत्तीस वर्षं मशीनवर असलेल्या माणसाचं पहिलं बोट नेहमी गोंदाकडे जातं. मी डाइनच्या, म्हणजे ठरावीक पृष्ठताणाच्या द्रावणांच्या, बाटल्या काढल्या. बोळा 38 च्या द्रावणात बुडवून पॉलिथिनवर हातभर पट्टा ओढला. दोन सेकंद तो जसाच्या तसा राहायला हवा. राहिला नाही. कडा आत ओढल्या गेल्या, पट्टा तुटला, अळवावरच्या पाण्यासारखे त्याचे मणी झाले. मग 36. तेच. 34 ला पट्टा टिकला. रोलच्या लेबलावर छापलेलं होतं 40, आणि त्याच लेबलावर तारीख होती फेब्रुवारीची.

5 जुलै

आयटीआयमधून नवीन आलेल्या पोरानं विचारलं, हे 38 म्हणजे नक्की काय? चांगला प्रश्न. रोज आकडा लिहिणारे निम्मे लोक तो विचारत नाहीत.

पाण्याचा पृष्ठताण 72 डाइन. नुसत्या पॉलिथिनची पृष्ठऊर्जा 31 च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीनची त्याहून थोडी कमी, टेफ्लॉनची 20 च्याही खाली. द्रवाचा ताण पृष्ठभागाच्या ऊर्जेहून जास्त असला की द्रव पसरत नाही, स्वतःतच गोळा होतो. आणि जो गोंद पसरत नाही तो धरणार काय? आपल्या कामाला 38 ते 42 लागतात. पॉलिथिन म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या, कुणाशी देणंघेणं नसलेल्या. या अलिप्तपणामुळेच त्यात बिनघोर दूध भरता येतं, आणि छपाईला न् लॅमिनेशनला आडवा येतो तोही हाच.

मग फेब्रुवारीतले 40 जुलैत 34 कसे झाले? फिल्म मशीनवर सरकावी म्हणून तिच्यात इरुकामाइड नावाचं मेणचट द्रव्य घालतात. ते आठवड्या-आठवड्यानं वर येऊन बसतं. शिवाय 31 चे 40 व्हावेत म्हणून फिल्मला दिलेल्या विजेच्या ट्रीटमेंटनं पृष्ठभागावर आलेले ऑक्सिजनवाले गट हळूहळू तोंड फिरवून आत वळतात. गोदामात पडलेल्या रोलला कुणी हात लावत नाही, तरी तो बदलत असतो. लेबलावरचा आकडा हा त्या दिवसाचा आकडा, एवढंच पोराला वहीत लिहून घ्यायला लावलं.

8 जुलै

लॅमिनेटरवरचा जुना कोरोना ट्रीटर कितीतरी दिवस बंद होता. तो चालू करून घेतला. फिल्म विकत आणतानाच ट्रीट केलेली येते, मग इथे वीज का जाळा, असा हिशेब होता. हिशेब चुकीचा, पण कागदावर छान दिसणारा.

दिवे मालवून पोराला दाखवलं. वर इलेक्ट्रोड, खाली सिरॅमिकचं आवरण असलेला रोलर, मध्ये एक-दोन मिलिमीटर हवा. हजारो व्होल्ट दिले की ती हवा फुटते आणि रोलरच्या रुंदीभर जांभळी झालर थरथरत राहते. नीट बघितलं तर ती सलग नसते, बारीक बारीक ठिणग्यांची असते. एक्झॉस्ट थोडा जरी मंदावला तरी ओझोनचा तिखट वास घशाला लागतो. फिल्म 50 मायक्रॉनची, म्हणजे 50,000 नॅनोमीटर. त्यातल्या अगदी वरच्या काही नॅनोमीटरमध्येच साखळ्या तुटतात आणि तिथे ऑक्सिजन हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल होऊन बसतो. आमचा सगळा धंदा त्या सालीवर उभा आहे. डेन्मार्कच्या व्हर्नर आयस्बी यांनी 1951 साली ही युक्ती काढली, ती आजतागायत चालू आहे.

मामांनी नॉब शेवटपर्यंत फिरवला. "जास्तच धरंल की!" धरत नाही. जास्त मारलं की साखळ्यांचा भुगा होतो, गोंद त्या भुग्याला घट्ट चिकटतो आणि भुगा फिल्मवरून सुटतो. वर, चुकून सीलच्या बाजूला ट्रीटमेंट बसली तर पाऊच चिकटवायला जास्त तापमान लागतं. फिल्मखाली हवा अडकली तर ठिणगी मागच्या बाजूलाही पडते आणि गुंडाळलेला रोल पुन्हा उलगडत नाही. जे चिकटायला नको तेच चिकटतं.

10 जुलै

पाऊस. गोंदाच्या हार्डनरचा डबा झाकण न लावता ठेवलेला सापडला. त्यातलं आयसोसायनेट हवेतली वाफ ओढून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि लॅमिनेटमध्ये बारीक फुगे दिसायला लागतात. कोल्हापूरच्या जुलैत झाकण म्हणजे कच्चा मालच समजायचा. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं.

14 जुलै, रविवार

तात्यांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर सिनेमाची मशीनं चालवली. मी पदर सुटल्याचं रडगाणं लावलं तर त्यांनी त्यांचं सुरू केलं. रीळ तुटलं की जोडायचं कसं: ब्लेडनं कडेचं इमल्शन खरवडायचं, खालचा पारदर्शक थर उघडा करायचा, सिमेंटचं एक बोट, दाबून धरायचं. "खरवडलं नाही तर सात जन्म चिकटत नाही," तात्या म्हणाले. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि 1929 साली इथेच निघालेली प्रभात (1933 मध्ये पुण्याला गेली) यांच्या काळात नायट्रेटच्या फितीवर हेच काम हातानं चाले. म्हणजे फिल्मला फिल्म जोडणं या गावाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

पुढे पॉलिस्टरची फीत आली आणि सिमेंटची बाटली निरुपयोगी झाली. सेल्युलॉइड त्या द्रावकात विरघळायचं, म्हणून दोन कडा एकमेकींत मुरायच्या. पॉलिस्टर विरघळेना, मग टेप, नाहीतर अल्ट्रासॉनिक जोड. पॉलिथिनची गत आणखी वाईट, नेहमीच्या तापमानाला ते कशातच विरघळत नाही. विरघळवता येत नाही आणि खरवडून काही हाती लागत नाही, म्हणून ठिणगी.

18 जुलै

पुण्याहून प्लाझ्मा मशीनचा प्रतिनिधी आला. मालकांना त्याच्या ब्रोशरमधलं 'गोंदाशिवाय' हा एकच शब्द दिसला.

तसं आमचा कोरोना हाही प्लाझ्माच. फरक एवढा, की त्याच्या मशीनमध्ये उघड्या हवेऐवजी नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडतात. झालर एकसारखी पसरते, भुगा कमी होतो, ट्रीटमेंट जास्त टिकते. निर्वात पेटीतला प्लाझ्मा त्याहून नाजूक, पण पळत्या रोलला परवडणारा नाही. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेनं उद्योगांसाठी वेगळं केंद्रच 1997 मध्ये काढलं. अंगोरा लोकरीचे निसटते तंतू सुतात धरून राहावेत म्हणूनही त्यांनी प्लाझ्मा वापरला.

गोंदाशिवाय जोड ही थाप नव्हे. भाची प्रयोगशाळेत सिलिकॉन रबराचा तुकडा आणि काच ऑक्सिजन प्लाझ्मात अर्धा मिनिट ठेवते, एकमेकांवर टेकवते आणि तो जोड पुन्हा निघत नाही, रबर फाटतं. तिथे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा खराखुरा रासायनिक बंध तयार होतो. मात्र टेकवायचं ते लगेच. चहा पिऊन आलं की संपलं.

पॉलिथिनला पॉलिथिन? मी विचारलं, ते तर नुसत्या उष्णतेनं वितळून जोडलं जातं, प्लाझ्मा कशाला? त्याचं उत्तर बरोबर होतं: बाहेरची छापील फिल्म ताणून बनवलेली असते, वितळायला गेलं की आक्रसते आणि छपाई वाकडी होते. प्लाझ्मानं दोन्ही पृष्ठभाग जागे केले तर वितळबिंदूच्या बऱ्याच खाली, कोमट रोलरच्या दाबानं भागतं. मग मी दुसरं विचारलं. छपाई आतून असते. दोन फिल्मच्या मध्ये शाई आहे. जोड फिल्मला बसणार की शाईला? यावर त्यानं चहा मागवला.

23 जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकली. दुसऱ्या पाळीची निम्मी माणसं आली नाहीत. प्लाझ्मावाल्यानं ठेवलेले नमुने निवांतपणे सोलले. 15 मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या. कोरड्या पट्ट्या छान: काही ठिकाणी जोड सुटायच्या आधी फिल्मच ताणली गेली. जिथे धुळीचा कण होता तिथे मात्र त्याच्याभोवती नखाएवढा फुगा. गोंद धुळीला पोटात घेतो; प्लाझ्माचा जोड घेत नाही, त्याला दोन्ही पृष्ठभाग अगदी भिडलेले लागतात. काही पट्ट्या रात्रभर पाण्याच्या डब्यात टाकून ठेवल्या होत्या. त्या बोटांनी सुटल्या. बिनशाईच्या, कोरड्या मालाला हे चालेल. चटणीला नाही, निदान अजून नाही.

26 जुलै

भंगारवाला आला. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या त्यानं तोलून घेतल्या, लॅमिनेटच्या कातरणाकडे बघितलंही नाही. "हे कोण घेतंय ओ? दोन जातीचं हाय." त्याला जे एका नजरेत कळतं ते नियमांना जड जातं. केंद्राच्या 2016 च्या नियमांत पुनर्वापर न होणारं बहुपदरी प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करायचं होतं. 2018 च्या दुरुस्तीत 'ऊर्जेसाठी किंवा दुसऱ्या कशासाठी उपयोग नसलेलं' अशी पुरवणी जोडली आणि दार सताड उघडलं. त्याच वर्षी 23 मार्चच्या राज्याच्या अधिसूचनेनं दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परत द्यायचे ठरवले. माझ्या गल्लीत ते अजून पोचायचे आहेत.

मालकांना लिहून दिलं. प्लाझ्मा मशीन आत्ता नको. ट्रीटर गोंदाच्या रोलरच्या लगेच आधी, रोज चालू; प्रत्येक रोल लावताना डाइन तपासायचा, तीन महिन्यांपेक्षा जुना रोल चटणीला द्यायचा नाही. बाहेरची फिल्मही पॉलिथिनचीच घेतली तर गोंद थोडा राहिला तरी माल एका जातीचा होतो, भंगारवाला उचलेल. तिचे नमुने मागवावेत. मालकांनी आधीचं सगळं लगेच मान्य केलं, नव्या फिल्मचा मात्र भाव विचारला.

नव्या लॉटची पाकिटं चटणी भरून 50 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली आहेत. पुढच्या शुक्रवारी सोलायची.