पाक ख्लोंगचा फुलबाजार

बँकॉकला आमची मुलगी व जावई राहतात. गेल्या माघात त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली, तेव्हा आम्ही उभयतां बडोद्याहून तिकडे गेलो. फुलांचे काम मी हौसेने स्वतःकडे घेतले. खंडेराव मार्केटात चाळीस वर्षे फुले घेतलेल्या बाईला फुलांविषयी कोणी काय शिकवावे, असा थोडा ताठाही मनात होता.

तिथला मोठा फुलबाजार म्हणजे पाक ख्लोंग तलात. कालव्याच्या मुखाशी असलेला बाजार, असा त्या नावाचा अर्थ. चाओ फ्राया नदीच्या काठी, १९३२ साली बांधलेल्या जुन्या पुलाजवळ तो अहोरात्र चालतो. गुरुवारी रात्री आम्ही गेलो. झेंडूच्या राशी, मोगऱ्याच्या कळ्यांचे हार, पाकळ्या सुबक दुमडलेली कमळे! क्षणभर परमुलुखात असल्याचा विसर पडला. एक गोष्ट मात्र नजरेस पडूनही मनात उतरली नाही. मोगऱ्याच्या कळ्यांवर बर्फ होता. जांभळ्या ऑर्किडच्या जुड्यांवर नुसता पाण्याचा शिडकावा.

वास्तुशांत रविवारची. चार जुड्या घेतल्या आणि गजरे ठेवतो तशा ओल्या फडक्यात गुंडाळून मुलीच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. शनिवारी संध्याकाळी काढल्या तेव्हा फुले टवटवीत दिसत होती. पहाटे पाहते तो पाकळ्या पाणी मुरल्यासारख्या काचेरी झालेल्या, कडांना तपकिरी डाग, कळ्या खाली गळून पडलेल्या. मुलगी काही बोलली नाही. मलाच तोंड लपवावेसे झाले.

जावयांनी गाडी काढली. बाजारातल्या त्याच आजीबाईंना मुलीने मोडक्यातोडक्या थाई भाषेत सारी हकीकत सांगितली. त्या हसल्या, बर्फाच्या पेटीकडे बोट दाखवून मान हलवली, आणि एकच वाक्य बोलल्या. मुलीने अर्थ सांगितला : “या फुलाने थंडी कधी पाहिलीच नाही.”

घरी परतल्यावर मी त्याविषयी वाचले. गुलाब ० ते २ अंश सेल्सियसला सुखाने राहतो. ही डेंड्रोबियम ऑर्किडे मात्र साधारण १० अंशांखाली बिघडू लागतात. अँथुरियम व हेलिकोनिया यांना तर १३ अंशांच्या आसपासची थंडीही सोसत नाही. आपला फ्रिज असतो ४ अंशांवर! फुलांच्या पेशींभोवती स्निग्ध द्रव्याचे पातळ आवरण असते. उष्ण प्रदेशातल्या फुलांत ते थंडीत तुपासारखे थिजते. मग पेशी गळू लागतात, आणि चिरलेले वांगे काळे पडावे तशी पाकळी काळवंडते. गंमत अशी की, थंडीत असेपर्यंत हे फारसे दिसत नाही; फूल उबेत आले की बाहेर पडते.

मग उघड्यावरच ठेवावीत काय? तेही नाही. उष्णता वाढली की फुलाचा श्वास वाढतो. दहा अंशांच्या वाढीला तो दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो आणि देठातली साखर लवकर सरते. म्हणून निर्यातीची ऑर्किडे मध्यम गारव्यात, प्रत्येक देठाला पाण्याची इवली नळी लावून पाठवतात. मोगऱ्याचे निराळे, त्याला एखाददुसरा दिवसच टिकायचे असते, तेवढ्यापुरता बर्फ त्याला चालून जातो.

त्या रविवारी नव्या जुड्यांनी चौरंग सजला. पूजेनंतर त्या आम्ही खिडकीपासून दूर, सावलीत, स्वच्छ पाण्यात ठेवल्या. आठ दिवसांनी आम्ही निघालो तेव्हाही बरीचशी फुले ताजी होती.

आता बडोद्याच्या घरी गजरे पूर्वीसारखेच फ्रिजमध्ये जातात. कोणी अँथुरियम आणले, तर त्याची फुलदाणी मी माठाशेजारी ठेवते. तेवढा गारवा त्याला पुरतो.