सोळा ओळींचे अक्षर

बाजारात मिळणारे आठ ओळींचे एलईडी फलक इंग्रजी अक्षरांच्या मापाने घडलेले असतात. रोमन लिपीतले मोठे अक्षर पाच गुणिले सात ठिपक्यांत सुखाने मावते. मराठीला शिरोरेखेच्या वर वेलांटी हवी, खाली उकार हवा, आणि ‘बुद्ध’ लिहायचे तर जोडाक्षराला पोटात जागा हवी. ‘भीम’ची वेलांटी आठ ओळींत कोंबली की भ आणि म ओळखू येईनासे होतात.

वैशाख पौर्णिमेसाठी प्रवेशद्वारावर फलक करावयाचा ठरला, तेव्हा वसतिगृहातील आम्हा सहा जणांपुढे हीच अडचण उभी राहिली. वेळ थोडा आहे, रोमन लिपीत लिहा, असे सरांचे मत होते. आम्हांला ते रुचले नाही. ज्या अक्षरांपासून आमच्या पणजोबांना दूर ठेवले गेले, ती आमच्याच दारात मोडकी दिसावीत किंवा दिसूच नयेत, हे कसे चालावे? भंतेजी सारे ऐकून एवढेच म्हणाले, “मग फलक मोठा करा.”

मोठा म्हणजे सोळा आडव्या ओळी आणि बत्तीस उभ्या. एकूण ५१२ दिवे, त्यांचे १,०२४ पाय. हार्डबोर्डला पाच मिलिमीटरची भोके पाडण्यातच एक रविवार सरला. एलईडीचा लांब पाय धन, आखूड ऋण. ऋण पाय वाकवून आडव्या ओळीत जोडावयाचे आणि धन पाय त्यांच्या वरून, अंतर राखून, उभ्या ओळीत न्यावयाचे. दोहोंचा स्पर्श कोठेही होता कामा नये.

सायंवंदना आणि अभ्यासिका यांमधला पाऊण तास आमचा. सोल्डरची तार तापल्या टोकाला नव्हे, तापल्या सांध्याला टेकवावी लागते. मग कथील-शिसे आपोआप वितळून पायाभोवती बसते. चांगला सांधा चकाकतो. भुरकट गोळी दिसली की त्याने पकड घेतलेली नाही असे समजावे. तीन सेकंदांहून अधिक रेंगाळले तर दिवा जाण्याची भीती. राळेचा धूर डोळ्यांत जाई म्हणून खिडक्या सताड उघड्या, आणि बोटांना शिसे लागते म्हणून साबणाने हात धुतल्यावाचून पंगतीत प्रवेश नसे. स्वयंपाकघरातल्या मावशी आमची नखे तपासत. त्यांचा दरारा सरांपेक्षा मोठा!

हे सर्व दिवे एकाच वेळी कधीच पेटत नाहीत. एका क्षणी एकच आडवी ओळ उजळते, ती विझते, पुढची उजळते. सेकंदाला शंभर वेळा पूर्ण फलक फिरतो. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला सेकंदाचा सोळाशेवा भाग. अक्षर डोळा जुळवितो. हे कळल्यावर भंतेजींनी मिलिंदप्रश्नातील रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त सांगितला: पहिल्या प्रहरीची ज्योत आणि अखेरच्या प्रहरीची ज्योत एकच की वेगळी? त्या रात्री अभ्यासिका बरीच उशिरा सुरू झाली.

पौर्णिमेला फलक लागला. प्रौढ वर्गात अक्षरओळख झालेल्या एका आजींनी दाराशी थांबून, बोटाने हवेत गिरवीत, ‘बु’ आणि मग ‘द्ध’ असे वाचले. मागची रांग खोळंबली, तरी त्यांनी ‘जय भीम’ येईपर्यंत पाऊल उचलले नाही.

त्या फलकाचे छायाचित्र मात्र या स्मरणिकेत नाही. पालकांनी मोबाईलवर पुष्कळ टिपली, पण कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यापेक्षा चपळ. एकात नुसती शिरोरेखा आली आहे, तर दुसऱ्यात नुसता उकार.