रिकाम्या रानातलं तण

८ एप्रिल, कृष्णपुरा, इंदूर
गहू निघाला. सांवेरकडचं रान आता जूनपर्यंत रिकामं. शेजाऱ्याने रात्रीतून नरवाई, म्हणजे गव्हाची धसकटं, पेटवलीच. बंदी आहे, दंड आहे, पण विचारतो कोण? वरचं गवत जळून जातं, कांस या तणाला मात्र काही होत नाही. त्याचा जीव खाली, जमिनीतल्या आडव्या खोडांत, म्हणजे काश्यांत.

११ एप्रिल
पलटी नांगर लावला. तासात उताणी पडलेली एक काशी उचलून पाहिली. पिवळट, बोरूएवढी जाड, पेरापेराला डोळा. वरून वाळलेली वाटली, नखाने खरवडली तर आत ओल. म्हणजे अजून बरंच ऊन खायला हवं. ट्रॅक्टरवाला म्हणत होता, कल्टिव्हेटरने स्वस्तात उरकू. नको म्हटलं. त्याने काश्या तुटतात, मरत नाहीत. एकीच्या चार होतात. खोल नांगरायचं, ढेकळं तशीच उघडी ठेवायची आणि वैशाखाला काम करू द्यायचं.

कांस हटवायला देशाने कर्जसुद्धा काढलंय! सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलर दिले, ते मुख्यतः मध्य भारतातल्या कांसाने खाल्लेल्या जमिनी ट्रॅक्टरने मोकळ्या करायला.

१९ एप्रिल
संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत फेरी. मग घरी हॉवर्डचं पुस्तक काढून बसलो. १९२४ साली इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री निघाली, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांचं कंपोस्टवरचं पुस्तक १९३१ चं. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, पण वाडांचं नाव इथल्या मराठी घरांतही कुणाला आठवत नाही. त्यांच्या ढिगात तणही जाई, आधी सुकवून. कपाशीच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरत, गाड्यांच्या चाकांखाली चुरल्या की ढिगात टाकत. बांधावरचं गाजरगवत फुलायच्या आत उपटून असंच घालायला मी गड्याला सांगितलंय. फुलल्यावर नाही, बी शेतभर होईल.

२ मे
कर्जतच्या भाच्याचा फोन. तो भातवाला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा राईस तंत्र करतो: कायमचे गादीवाफे, ना नांगरट, ना चिखलणी, मुळं जमिनीतच कुजवायची. कापणी झाली की दोन-तीन दिवसांत खोडव्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक, मग वाफ्यावर वाल. “मामा, तुम्ही नांगरून खालचं बी वर आणता,” म्हणाला. खोटं नाही. पण २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेट परवानाधारक कीडनियंत्रकांकडूनच मारून घ्यायचं, अशी अधिसूचना काढली. गावात असा माणूस शोधायचा कुठे? त्याच्या वालाचा मात्र हेवा वाटला. कापणीनंतर जमीन झाकलेली राहिली की तणाला उजेडच कमी मिळतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी असतं, तर मीही ताग टाकला असता.

१० जून
पहिला पाऊस होऊन चारच दिवस झाले, तोच लव्हाळा टोचून वर आला. नांगरटीने कांस बराच दमला, लव्हाळ्याच्या गाठी मात्र खाली शाबूत. गड्याला पेरणीची घाई: “भाऊसाब, शेजारी पेरून मोकळा झाला.” म्हटलं, पेरू दे. आपण आठ दिवस थांबू, तण उगवू देऊ, मग वखर फिरवून सोयाबीन. वखराची पास बोथट झालीय, उद्या लोहाराकडे पाठवतो.