रिसोडच्या गाऱ्यातून मानोऱ्याच्या माळावर

सप्टेंबर सरत आला की वाशिम ते रिसोड रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडतं, पानं गळतात आणि नुसत्या शेंगा उभ्या दिसतात. याच दिवसांत परतीचा पाऊस येतो. सोंगून ठेवलेल्या सुडीत पाणी शिरलं की दाण्याला कोंब फुटतात आणि वर्षभराचं पीक बाजारात कवडीमोल होतं. दोन सरींच्या मध्ये जी चार उन्हं मिळतात, तेवढ्यात थ्रेशर शेतात पोचलं पाहिजे. म्हणजे ट्रॅक्टर पाणंदीतून गेला पाहिजे. आणि पाणंद तर गाऱ्याने भरलेली.

या हंगामात मी एका निवृत्त सुभेदारांबरोबर जिल्हाभर फिरलो. त्यांचा ट्रॅक्टर आणि थ्रेशर भाड्याने जातं. ड्रायव्हर पोरगा ते घेऊन पुढे निघतो, आणि मागून सुभेदारसाहेब पिकअपमध्ये फसलेलं वाहन काढायचं सामान घेऊन येतात. आजूबाजूच्या गावांत त्यांच्या थ्रेशरपेक्षा त्या सामानाचीच वाट जास्त पाहिली जाते. नोकरीत ते सियाचीनला होते. 13 एप्रिल 1984 ला ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाल्यापासून आपलं सैन्य त्या हिमनदीवर आहे, आणि तिथे रॉकेलचे कॅन, शिधा, आजारी जवान यांची ने-आण स्नो स्कूटरवर होते. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा फिरता पट्टा आणि त्यामागे ओढायची घसरगाडी. बर्फात रुतलेली ती स्कूटर काढता काढता ते जे शिकले, ते आता वाशिमच्या काळ्या मातीत वापरतात. मला ते जवळून पाहायचं होतं.

निघण्याआधी वाशिमच्या बाजारात खरेदी झाली. लोक दुकानात शिरले की पहिल्यांदा दोराची जाडी विचारतात. सुभेदारांचा प्रश्न वेगळा.

“भाऊ, अगोदर खुटा कोठी ठोकाचा ते सांगा, मंग दोर पाहू.”

त्यांचं म्हणणं असं की ओढायला बळ कुठूनही आणता येतं, पण दोराचं दुसरं टोक बांधायला जागा मिळत नाही. हिमनदीवर झाड नसतं. पैनगंगेच्या काठच्या सपाट रानातही धुऱ्यावरची एखादी बाभूळ सोडली तर काही नसतं, आणि ती बाभूळ हवी तिथे कधीच नसते. म्हणून जमीन कशाचा आधार देईल ते ठरवायचं आणि मग त्याप्रमाणे सामान भरायचं. हे ऐकल्यावर मला आमच्याकडची ट्रॅक्टरच्या खोक्यात पडलेली ती एकुलती साखळी आठवली. दुसरा ट्रॅक्टर आला तरच तिचा उपयोग, आणि दुसराही त्याच गाऱ्यात उतरला की दोन्ही फसतात.

वायररोप त्यांनी बारा मिलिमीटरचा घेतला. चांगल्या प्रतीचा असला तर तो तुटायला सात-आठ टनांचा ताण लागतो, पण कामाला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच धरायचा. त्याहून जाड घेतला तर वजन वाढतं, वळत नाही, आणि चिखलातल्या हातांनी गाठवता येत नाही. टोकाला फासा करायला यू-क्लॅम्प घेतले, एका फाशाला निदान तीन. क्लॅम्पचा यू दोराच्या आखूड टोकावर आणि बैठक ताण येणाऱ्या दोरावर बसते. उलट लावले तर दोर तिथेच चेपून कमजोर होतो, आणि बाजारात टांगलेले बरेचसे तयार फासे मला उलटेच दिसले. मग बाजूने उघडणारी कप्पी. कप्पीवर दोराच्या ताणाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, त्यामुळे कप्पी आणि तिची डी-शॅकल दोरापेक्षा दणकट लागते. दुकानदार दोराच्या मापाची शॅकल देत होता. सुभेदारांनी ती परत केली आणि अंगावर भाराचा आकडा कोरलेली घेतली. ज्यावर आकडा नाही, ती वस्तू ताणाखाली वापरायची नाही, हा त्यांचा नियम.

ओढायला टर्फर होताच. विजेच्या तारा ताणणारे लोक वापरतात तेच हाताचं यंत्र. आत दोन जबडे असतात. एक दोर धरतो तेव्हा दुसरा सोडून पुढे सरकतो, त्यामुळे दांडा हलवत राहिलं की दोर इंच-इंच येतो आणि हात थांबला तरी मागे जात नाही. बाकी फावडी, सब्बल, टिकास, साल काढलेले बाभळीचे दोन ओंडके, जॅकखाली ठेवायची जाड फळी, रिकामी पोती. पिकअपमध्ये हे सगळं मागच्या फळक्याशी, सगळ्यात वर बांधलं. सामान पोत्यांखाली गेलं तर गरजेच्या वेळी भर पावसात अख्खा माल उतरवावा लागतो. स्नो स्कूटरवरही फावडं घसरगाडीत ठेवत नाहीत, स्वाराच्या हाताशी ठेवतात, कारण घसरगाडी बर्फाखाली गेली तर तिच्यातलं फावडंही गेलं.

रिसोडकडे जाताना जमीन हळूहळू खोल होत जाते. पैनगंगा या जिल्ह्याची मुख्य नदी. ती रिसोड तालुक्यातून वाहते, कास नदी तिला शेलगाव राजगुरेजवळ मिळते, आणि पुढे ती वाशिम-हिंगोलीची सीव होते. या खोऱ्यातली माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन बनलेली, चिकण कणांनी गच्च. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि भेगा बुजतात. मग वरचं पाणी खाली झिरपायला जागा राहत नाही, ते वरच्या थरातच मुरून बसतं. पिकाला ही माती सोन्यासारखी, कारण पाऊस थांबल्यावरही ती ओल धरून ठेवते. चाकाला ती तितकीच जाचक, त्याच कारणासाठी.

पैनगंगेच्या काठच्या एका गावी आम्ही दुपारी पोचलो तेव्हा ट्रॅक्टर पाणंदीत मागच्या चाकांच्या आसापर्यंत बसलेला होता. थ्रेशर मागे जोडलेलंच. टायरच्या नख्यांमध्ये गारा भरून चाकं गुळगुळीत झाली होती. पोराने शहाणपणा केला होता. चाक जागच्या जागी फिरायला लागताच त्याने इंजिन बंद केलं होतं. गावकरी जमले होते आणि रेस वाढव म्हणून सांगत होते. सुभेदारांनी सगळ्यांना आधी पाणंदीबाहेर काढलं.

“तुडवू नका बापा. हा बर्फ नाई.”

तिथल्या आणि इथल्या कामात हाच मोठा फरक, असं ते नंतर म्हणाले. भुसभुशीत बर्फात रुतलेल्या स्कूटरच्या पुढचा बर्फ पायांनी तुडवतात आणि थोडा वेळ तसाच राहू देतात. कण एकमेकांना चिकटून थर घट्ट होतो, आणि त्यावरून पट्टा चढतो. काळी माती मात्र जितकी तुडवावी तितकी सैल होते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. रुतल्यावर चाक किंवा पट्टा फिरवत राहिलं की तो स्वतःच्याच पोटाखाली खड्डा खणतो. आणि ओढण्याआधी ओझं हलकं करायचं. म्हणून पहिल्यांदा थ्रेशर सोडलं. मग मागच्या चाकांपुढे उतार खणला, आसाखालची माती मोकळी केली, आणि सब्बल चाकाला लगटून खाली घालून हलवली. चाक आणि चिकण माती यांच्यामध्ये हवा शिरली तसा ओला आवाज आला. त्या चिकटीने जे धरून ठेवलेलं असतं ते नुसत्या ओढीने सुटत नाही, दोर तोडतं.

आता खुटा. समोर शंभर पावलांवर झाड नव्हतं. सुभेदारांनी पाणंदीपुढच्या कोरड्या उंचवट्यावर ओढीच्या रेषेला आडवा, मांडीभर खोल चर खणायला लावला. वरचा थर गिलगिलीत होता, पण खाली माती अजून टणक लागली. चराची ट्रॅक्टरकडची भिंत उभी आणि अखंड ठेवली, कारण सगळा ताण तीच झेलते. तळाशी बाभळीचे दोन्ही ओंडके आडवे ठेवले, मधोमध दोर गुंडाळला, दोर बाहेर यायला ट्रॅक्टरच्या बाजूने निमुळती तिरपी नाली काढली, आणि चर बुजवला. फौजेत याला डेडमॅन म्हणतात. हिमनदीवर ओंडके नसतात, तिथे बर्फाने भरलेली पोती किंवा स्की आडव्या पुरतात. पद्धत तीच.

दोराचं एक टोक त्या पुरलेल्या ओंडक्यांना, मधली कप्पी ट्रॅक्टरच्या पुढच्या ओढकडीला, आणि दोराचा परतीचा भाग ओंडक्यांनाच बांधलेल्या टर्फरमध्ये. कप्पीमुळे ओढ दुप्पट होते, घर्षणात थोडी जाते. सरकणं मात्र निम्मं होतं. दोरावर दोन ठिकाणी ओली पोती टाकली. वायररोप तुटला तर त्याचं टोक चाबकासारखं येतं, पोत्याच्या वजनाने ते खाली पडतं. दोराच्या रेषेत आणि त्याच्या कोनात कोणालाही उभं राहू दिलं नाही. लहान पोरं धुऱ्यापलीकडे पाठवली. मला त्यांच्या सगळ्या कौशल्यात हे सगळ्यात मोलाचं वाटलं. खेड्यात ट्रॅक्टर काढताना लोक दोराला हात लावून उभे असतात, आणि माणसं जायबंदी होतात ती अशा वेळीच.

दांडा हलू लागला. पहिल्यांदा फक्त दोर ताठ झाला, ओंडके चरात बसले, जमिनीवर केसाएवढी भेग दिसली आणि थांबली. मग चाक हललं. पोरगा स्टिअरिंग सरळ धरून, डिफरन्शियल लॉक लावून, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये हळू मदत करत होता. चाकाखाली गावकऱ्यांनी तुराट्या आणि मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांच्या पेंढ्या टाकल्या. त्यावर टायरच्या नख्यांना पकड मिळाली. तासाभराने ट्रॅक्टर उंचवट्यावर उभा होता. थ्रेशर नंतर त्याच दोराने निघालं. शेताची मालकीण, साठीच्या काकू, ओंडके पुरलेल्या जागेकडे बोट करून म्हणाल्या, “हे असंच राहू द्या. उद्या मालाची ट्रॉली इथूनच निघणार.” सुभेदारांनी ओंडके त्यांच्याकडे ठेवले. रात्री उशिरापर्यंत सुडी मळून झाली.

दुसऱ्या दिवशी मानोऱ्याकडे निघालो. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरावरून मालेगाव, मग शेलुबाजार. इथे समृद्धी महामार्ग आडवा येतो. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, त्यातला नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, शेवटचा 5 जून 2025 ला. त्यावरची वाहनं वाऱ्यासारखी जातात. महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या गावांतला माल मात्र आधी पाणंदीतून बाहेर यावा लागतो. शेतरस्त्यांसाठी 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, काही पाणंदींवर मुरूम पडला, आणि जिथे पडला तिथलं सोयाबीन वेळेवर घरी आलं हे मी या फेरीत डोळ्यांनी पाहिलं. म्हणूनच बाकीच्या पाणंदींसाठी जीव तुटतो.

मंगरूळपीर मागे पडलं आणि जमिनीचा रंग बदलला. अरुणावती वाशिम तालुक्यात उगम पावते आणि मंगरूळपीर, मानोऱ्यातून यवतमाळात जाते. तिच्या दोन्ही बाजूंना बरड, मुरमाड माळ. इथे गारा फार नसतो. इथे चाक ओढ्यातल्या गोट्यांमध्ये अडकतं किंवा चढावर घसरतं. मांडीभर चर खणायला गेलं तर वीतभर खाली दगड लागतो. ओंडक्यांचा इथे काही उपयोग नाही. सुभेदारांनी पिकअपमधून लोखंडी खुट्या आणि घण काढला. एका नाल्यात थ्रेशरचं एक चाक अडकलं होतं. त्यांनी पुढे तीन, त्यामागे दोन, शेवटी एक अशा खुट्या मागे कललेल्या ठोकल्या, आणि पुढच्या खुट्यांचं डोकं मागच्या खुट्यांच्या बुडाशी दोराने आवळून बांधलं. ताण पहिल्या तिघांवर आला की मागच्या त्यांना धरून ठेवतात. जॅक लावून चाक उचललं, खाली दगड भरले, आणि टर्फरने हलकीशी ओढ दिली. काम पंधरा-वीस मिनिटांचं.

जिल्हा एकच, 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झालेला, पण त्याच्या दोन टोकांना दोन वेगळी सामानं लागतात. रिसोडला लांब दोर, ओंडके, फावडी आणि पेंढ्या. मानोऱ्याला खुट्या, घण आणि उंच जॅक. कप्पी, शॅकल आणि टर्फर दोन्हीकडे. हे सगळं एका शेतकऱ्याने विकत घ्यावं असं मी म्हणणार नाही, टर्फर स्वस्त नसतो. पण एका पाणंदीवर आठ-दहा घरांची शेतं असतात. काकूंच्या गावात त्यांनी वर्गणीचं बोलणं काढलंय. सामान पाणंदीच्या तोंडावरच्या पहिल्या घरी, पडवीत, कुलपाशिवाय ठेवायचं, आणि शॅकलवरचे आकडे ज्याला वाचता येतात त्यानेच दोर बांधायचा, असं ठरतंय. दिवाळीनंतर सुभेदार त्यांना ओंडके पुरायचं आणि क्लॅम्प लावायचं शिकवायला पुन्हा रिसोडला जाणार आहेत. तुरीच्या काढणीला ट्रॅक्टर लागतीलच.