परकरातला शिपाई

१९७२ च्या दिवाळीत साताऱ्याला आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर एक विलायती पलटण दाखल झाली. आजीने तिला एका वाक्यात निकालात काढलं. "परकर नेसून लढतात होय रे हे?"

पलटण मामाने आणली होती. मामा बोटीवर नोकरीला होता आणि वर्षा-दोन वर्षांनी यायचा तेव्हा त्याच्या ट्रंकेतून काहीतरी अजब निघायचं. या वेळी एक चपटं खोकं निघालं. आत इंचभर उंचीचे चाळीसएक शिपाई, सगळे एकाच रंगाच्या प्लॅस्टिकचे, काडीला चिंचेच्या आकड्यांसारखे लटकलेले. खोक्यावरच्या चित्रात धूर होता, लाल कोट होते, चौकड्यांचे घागरे होते आणि 'वॉटर्लू' असं लिहिलेलं होतं. वॉटर म्हणजे पाणी एवढं इंग्रजी मला येत होतं, त्यामुळे ही आरमाराची माणसं असणार असं मी ठरवून टाकलं. मामा बोटीवरचा, शिपाईही बोटीवरचे.

प्रश्न आला तो मापाचा. दगडांवर गोणपाट टाकून, त्यावर लाल माती लिंपून, हळीव पेरून किल्ला तयार होता. कुंभारवाड्यातून आणलेले मावळे वीतभर उंच होते. महाराज त्याहून मोठे. ताक घुसळणारी गवळण तोफेपेक्षा उंच, आणि पायथ्याचा वाघ गाईएवढा. किल्ल्यावरच्या शास्त्रात उंची मानावर ठरते, मापावर नाही, हे कोणी शिकवावं लागत नाही. पण या शास्त्रातही हे परकरवाले बसेनात. ते मावळ्याच्या गुडघ्यालाही लागत नव्हते. शेवटी मी त्यांना अगदी वरच्या बुरुजावर नेऊन उभं केलं. त्या दिवशी मला एक शोध लागला. खालून पाहिलं की किल्ला एकदम दुप्पट उंच वाटायला लागला! वरचे पहारेकरी बारीक दिसतात, म्हणजे ते लांब असणार. वाड्यातली पोरं दोन दिवस येऊन बघून गेली.

पाडव्याच्या रात्री अवेळी पाऊस आला. सकाळी मावळ्यांचे रंग गळून ते पुन्हा कुंभाराच्या मातीचे झाले होते, एकाचा हात भाल्यासकट गेला होता. परकरवाल्यांना काही झालं नाही. मात्र किल्ला मोडताना त्यांतले बरेचसे मातीबरोबर परसात गेले आणि पुढची दोन-तीन वर्षं अळूच्या वाफ्यात एकेक करून सापडत राहिले. माझ्याकडे कायमचा राहिला तो एकच, बंदूक गालाशी लावून उभा असलेला. मी त्याला सायकलच्या दुकानातून आणलेला लाल रंग लावला. आठवड्यात त्याचे पोपडे निघाले. पुन्हा लावला, पुन्हा निघाले. आपला हातच वाईट, अशी माझी समजूत झाली. तो मऊ शिपाई पॉलिथिनचा होता आणि पॉलिथिनवर कुठलाही रंग धड धरत नाही, हे कळायला मला भोसरी गाठावी लागली.

भोसरीत मी १९८१ मध्ये एका टूलरूममध्ये लागलो. बादल्यांच्या कड्या, रेडिओच्या खुंट्या, शिलाई मशीनची बॉबिन, अशा गोष्टींच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, आम्ही करायचो. शिपाई आधी कंपासपेटीत होता, आता माझ्या हत्यारांच्या खणात आला. एका रात्रपाळीत मशीन बंद पडलेलं असताना मी त्याला भिंगाखाली धरलं आणि तो मला पहिल्यांदा नीट दिसला. टोपीपासून खांद्यावरून पायाच्या बाहेरच्या कडेने एक केसाएवढी रेघ उतरली होती. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात ती पार्टिंग लाइन. बंदूक आणि गाल यांच्या मध्ये हवा असायला हवी होती, तिथे प्लॅस्टिक भरलेलं होतं. पोटाशी धरलेला हात पोटातूनच उगवल्यासारखा होता.

यात कोणाची हयगय नव्हती. पोलादाचे दोन अर्धे सरळ उघडले पाहिजेत, हा धंद्याचा पहिला नियम. माल आत कुठेही अडकता कामा नये. अडकणाऱ्या जागेला आम्ही अंडरकट म्हणतो. आणि माणसाचं शरीर म्हणजे नुसते अंडरकट: बगल, हनुवटीखालची जागा, कोपराची घडी. त्यामुळे एका तुकड्यात शिपाई काढायचा तर त्याला पापडासारखा चपटा तरी करायचा, नाहीतर पोकळ जागा भरून टाकायच्या. या डायमेकरने काय केलं होतं? त्याने शिपायाला नेम धरायला लावून जरासा तिरका वळवला होता, म्हणजे भरलेली जागा सावलीत जावी. त्या न पाहिलेल्या कारागिराला मी रात्री दोन वाजता मनातल्या मनात दाद दिली.

विलायतेत अशा इंचभर शिपायांची चटक लावली ती एअरफिक्सने, १९५९ पासून. ती कंपनी १९३९ मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या माणसाने लंडनमध्ये काढलेली. आधी रबराची फुगवायची खेळणी, मग कंगवे, मग विमानं आणि शिपाई. आमच्या धंद्यातल्या माणसाला यात काहीच नवल वाटत नाही. मशीनला कंगवा काय आणि सेनापती काय, प्लॅस्टिकचा दाणा वितळवून दाबायचा एवढंच ठाऊक.

आसईच्या लढाईचं मला बरंच उशिरा कळलं. १९९० च्या सुमारास दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धावर वाचताना एका पानावर '७४ आणि ७८ वी हायलँड पलटण' असे शब्द आले. हायलँडर म्हणजे माझे परकरवालेच. वॉटर्लूला लढलेल्या हायलँडरांच्या पलटणी वेगळ्या, ४२ वी, ७९ वी, ९२ वी. पण भाऊबंद तेच, आणि वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टनही तोच. फक्त २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आसईला, तो नुसता आर्थर वेलस्ली होता आणि समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर राघोजी भोसले यांच्या फौजा होत्या. माझ्या किल्ल्यावर मी अठरा वर्षांपूर्वी कोणाला पहाऱ्याला बसवलं होतं, ते तेव्हा उमगलं.

पुढे कामानिमित्त औरंगाबादला गेलो असताना एक रविवार काढून भोकरदनमार्गे आसईला जाऊन आलो. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव, आता जालना जिल्ह्यात. नदीच्या दोन्ही काठांवर इतकी जवळजवळ गावं आहेत त्या अर्थी मध्ये उतार असणारच, असा तर्क करून वेलस्लीने पिंपळगावापाशी केळणा ओलांडली होती. मी ती ओलांडली तेव्हा चपला हातात घ्याव्या लागल्या, एवढंच पाणी. पलीकडे कपाशी. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार पोलमन हा हॅनोव्हरचा, म्हणजे जर्मन. या लढाईत परकरवाले एकाच बाजूला होते, पण परके दोन्हीकडे होते. शिंद्यांच्या गोलंदाजांनी मात्र तोफा सोडल्या नाहीत. इंग्रजांची रांग अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी मागून मारा केला. गावाच्या रोखाने गेलेली ७४ वी जवळजवळ संपली. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. म्हातारपणी वेलिंग्टन आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून वॉटर्लूचं नाही, आसईचं नाव घ्यायचा म्हणतात.

खिशात शिपाई होता. तो तिथे काढून उभा वगैरे केला नाही. आसपास बाया कापूस वेचत होत्या आणि मी तसाही परका दिसतच होतो.

आता मुलगी नॉटिंगहॅमला इस्पितळात काम करते. तिच्या गावाला या इंचभर शिपायांच्या छंदाची पंढरीच म्हणायला हरकत नाही. ॲलन आणि मायकेल पेरी हे जुळे मूर्तिकार तिथलेच. १९९६ मध्ये फ्रान्सला क्रेसीच्या लढाईचा देखावा करताना तोफेच्या अपघातात मायकेलचा उजवा हात गेला आणि तो डाव्या हाताने मूर्ती घडवायला शिकला. हे ऐकल्यापासून कंबरदुखीची तक्रार करताना मी जरा आवरतं घेतो.

गेल्या महिन्यात तिने नवी पेटी पाठवली. "बाबा, तुमचे परकरवाले आता धड हातापायांचे झालेत." खरंच. हे अठ्ठावीस मिलिमीटरचे, कडक पॉलिस्टायरिनचे. धड वेगळं, हात वेगळे, मुंडकी वेगळी, पाठीवरचं दप्तर वेगळं. अंडरकटवर तोच एक इलाज: अडकणारा भाग तोडून वेगळा ओतायचा आणि चिकटवायचं काम गिऱ्हाइकावर सोपवायचं. चिकटवायचं द्रव्य हे डिंकासारखं नाही. ते प्लॅस्टिकच जरा विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. रंगही धरतो. अशा प्लॅस्टिकसाठी मूळ मूर्ती तिप्पट मोठी घडवायची आणि पँटोग्राफने लहान करत पोलादात उतरवायची, अशी रीत होती. आमच्याकडेही एक जुना पँटोग्राफ होता. त्यावर मी बाटल्यांच्या झाकणांची अक्षरं कोरली आहेत. आता मूर्तीच संगणकावर घडते.

पेटीबरोबरच्या सूचीत फ्रेंच होते, प्रशियन होते, रशियन होते. मराठे नव्हते. राग यायला हवा होता, पण मी आयुष्यभर डायचे हिशेब केलेत. दाणा स्वस्त असतो, पोलाद नसतं. हजारो पेट्या खपल्या तर डाय फिटते, आणि हजारोंनी खपतो तो नेपोलियन. कमी खपाच्या फौजा रबराच्या साच्यात धातूने ओततात, तो साचा स्वस्त पडतो. कुंभारवाड्याच्या मावळ्याला यातलं काहीच लागत नव्हतं, म्हणून तो होता.

पेटीत मुंडकी जास्तीची असतात. त्यांतलं एक घेऊन काल त्याची पिसांची टोपी ब्लेडने उतरवली आणि एम-सीलची गोळी मळून पागोटं बांधलं. टाचणीने पीळ पाडले. धड हायलँडरचंच, पण घागरा कापून खाली चोळणा केला. शिंद्यांचा गोलंदाज करायचा विचार आहे. तोफ नंतर बघू.

पागोटं जरा मोठं झालंय. वाळलं की कानस लावतो.