बैठकीपलीकडचं घर

घरात रंगकाम चालू होतं. मागच्या खोलीची भिंत खरवडायची म्हणून रंगाऱ्याच्या पोराने तिथला वायफायचा पांढरा डबा काढून बाजूला ठेवला आणि त्या प्लगात आपला दिवा लावला. मला हे माहीत नव्हतं. पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला होता. बोलत बोलत मी बैठकीतून मागे निघाले आणि माजघराच्या उंबरठ्यावर त्याचा चेहरा वाक्याच्या मध्येच थिजला. मागे सरकले, तो बोलू लागला. पुढे झाले, पुन्हा थांबला. आमच्या मागच्या खोल्यांना तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती लागून आहेत, तिथे मोबाइलची रेंजही पोचत नाही. शेवटी चौकटीला खांदा टेकवून, उभ्याने, त्याचं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा कळलं, ही अक्कांची जागा.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

लग्न होऊन मी जळगावहून बुऱ्हाणपूरला आले तेव्हा या घरात फोन होता, आणि त्याचा माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, अभिमान होता. बैठकीच्या कोपऱ्यात तिवईवर काळा फोन, त्याच्या डायलला इवलंसं कुलूप आणि किल्ली अण्णांच्या खिशात. अक्कांसाठी फोन यायचा तो एकाच माणसाचा, रावेरहून त्यांच्या भावाचा. रावेर इथून गाडीने तासाच्या आत, पण राज्य दुसरं आणि ट्रंक कॉल. अण्णा बैठकीतून हाक द्यायचे, "रावेर!" अक्का हात पुसत यायच्या, रिसीव्हर उचलायच्या आणि मागे सरकत सरकत थेट उंबरठ्यापर्यंत जायच्या. एक पाय बैठकीत, एक माजघरात. तिवईशेजारी खुर्ची रिकामी असायची, बैठकीत कोणी परका नसला तरी त्या तिच्यावर बसल्या नाहीत. वायर इतकी ताणली जायची की तिचे वेटोळे कायमचे सरळ झाले होते. तीन मिनिटं होत आली की एक्स्चेंजमधली बाई मध्ये बोलायची, आणि अक्का घाईने म्हणायच्या, "बरं आहे. सगळं बरं आहे." फोन ठेवून त्या पुन्हा चुलीपुढे. तीन मिनिटांत दुसरं काय सांगणार?

पुढे कुलपाचा फोन गेला, पुश बटणाचा आला, मग मोबाइल. मोबाइलवर एसटीडीच्या दराची भीती, कारण आम्ही मध्य प्रदेशच्या सर्कलमध्ये आणि अक्कांचे भाऊ, रावेरचे मामा, महाराष्ट्राच्या. मग घरात फायबर आलं. जोडणीवाल्याने केबल ज्या भिंतीतून आत घेतली तिथेच, शोकेसच्या वरच्या फळीवर, राउटर ठेवला. "सगळे इथेच ठेवतात," तो म्हणाला आणि गेला. त्याच आठवड्यात मी पाहिलं, अक्का नातवाने दिलेला फोन दोन्ही हातांत धरून, समोर पडद्यावर रावेरचे मामा, उंबरठ्यावर उभ्या होत्या. एक पाय बैठकीत, एक माजघरात. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दुखरे. या वेळी त्यांना कोणी अडवलं नव्हतं. लहरीच तिथे संपत होत्या.

त्या दिवसापासून मी मागच्या खोल्यांत नेट पोचवायच्या कामामागे लागले.

आमच्या मधल्या भिंती विटा-चुन्याच्या, दोन फुटांच्या. उन्हाळ्यात या भिंतींनी आम्हाला जगवलं आहे, त्यांच्याविषयी वाकडं बोलणार नाही. पण राउटरच्या लहरींना त्या पेलत नाहीत. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण बारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची सहाची. दुसरी वेगवान, पण भिंतीत लवकर मरते. पहिली थोडी चिवट, तरी प्रत्येक भिंत तिच्यातला मोठा वाटा ठेवून घेते, आणि पावसाळ्यात चुना ओलावला की आणखी जास्त. त्यात माझ्या लग्नात आलेलं लोखंडी कपाट नेमकं मधल्या भिंतीला टेकून उभं होतं. धातूतून लहर जात नाही, आल्या वाटेने परत फिरते. कपाट हलवलं. माजघरात थोडा फरक पडला, मागच्या खोलीत काहीच नाही.

भिंतीपलीकडे लहर पाठवणं तसं नवं नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लोकांसमोर बिनतारी लहरी भिंतींमधून पलीकडे पाठवल्या, तिथली घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. लहरींच्या वाटेत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर उभे होते, त्या त्यांच्या देहातूनही गेल्या. बोसांची ठिणगी क्षणभराची होती आणि पलीकडे एक घंटा वाजली की काम फत्ते होतं. आम्हाला सव्वाशे वर्षांनी भिंतीपलीकडे एका म्हाताऱ्या भावाचा हलता चेहरा आणि न तुटणारा आवाज हवा होता. शिवाय या लहरी वापरायला आता कोणाची परवानगी लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झवरची कमी ताकदीची यंत्रं परवान्याशिवाय वापरायची मुभा सरकारने २००५ मध्ये दिली, ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये मोकळा केला. देशाने हवा मोकळी केली, आणि आमच्या घरात ती बैठकीतच अडकली.

बैठकीवरचा माझा राग जुना आहे. या घरात रेडिओ आला तो बैठकीत. टीव्ही बैठकीत. पहिला पंखा, पहिला कूलर बैठकीत. जी खोली दिवसातून चार तास वापरली जाते आणि जिथे बहुधा पुरुष बसतात, तिथे प्रत्येक नवी सोय आधी उतरते. जिथे पहाटे पाचपासून माणूस राबतं, तिथे ती आलीच तर जुनी होऊन येते. बैठकीतला पंखा कुरकुरू लागला तेव्हा स्वयंपाकघरात आला. कोणी दुष्टपणाने हे करत नाही. केबल रस्त्यावरून येते, बैठक रस्त्याला लागून असते, एवढंच कारण पुरतं. म्हणूनच राग येतो, कारण भांडायला समोर माणूस नसतो.

आधी रिपीटर आणला. माजघरातल्या प्लगात लावला, आणि मागच्या खोलीत फोनवर सगळ्या रेघा भरल्या. अक्का हरखल्या. कॉल लावला तर चित्र अडकत अडकत. रिपीटर स्वतः जेवढं ऐकतो तेवढंच पुढे सांगतो, आणि तो बसला होता भिंतीआडच्या अशक्त लहरींत. शिवाय ज्या लहरीवर ऐकायचं त्याच लहरीवर बोलायचं, म्हणजे अर्धा वेळ ऐकण्यात गेला, वेग निम्म्यावर आला. रेघा दाखवत होत्या त्या रिपीटरपर्यंतच्या, त्याच्या पलीकडचा रस्ता खराबच होता.

इथे आमच्या शहराच्या जुन्या पाणीयोजनेविषयी, कुंडी भंडाऱ्याविषयी, बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. लालबागेत पाहुण्यांना घेऊन आम्ही कितीदा तरी गेलो आहोत. १६१५ मध्ये, जहांगीरच्या काळात, सुभेदार अब्दुल रहीम खानखाना यांनी हे काम करवलं. दोहे लिहिणारे रहीम ते हेच. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याची जमीन वाचली. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरून आतल्या आत तापीकडे सरकतो, तो त्याने वाटेत अडवला. शंभरावर कुंड्या ओळीने खोदल्या आणि खोल जमिनीखाली त्या एका बोगद्याने जोडल्या. बोगद्याला बेताचा उतार दिला, की पाणी आपल्या वजनाने चालत राहील. ना मोट, ना रहाट. तिथून ते शहरातल्या जाली करंज या हौदापर्यंत जायचं आणि नळांनी वाटलं जायचं. तापीच्या उघड्या पाण्यात शत्रू विष कालवेल अशी लष्कराला भीती होती, असंही सांगतात. २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला.

अक्काही एकदा आमच्याबरोबर लिफ्टने खाली उतरल्या होत्या. घोट्याएवढ्या पाण्यात लुगडं आवरून उभ्या राहिल्या, चुन्याच्या थरांनी पांढऱ्या झालेल्या भिंतीवर हात फिरवला आणि वाटाड्याला विचारलं, "हे पाणी कोणाकोणाच्या घरी जायचं?" तो किल्ला म्हणाला, सराया म्हणाला, छावणी म्हणाला. अक्कांनी पुन्हा विचारलं, "आणि घरी?" त्याचं उत्तर मला आठवत नाही. प्रश्न मात्र अजून कानात आहे.

रिपीटर फसल्यावर मला तो बोगदा आठवला. एकेक कुंडी काही स्वतःचा झरा घेऊन बसलेली नाही. खाली सगळ्यांना जोडणारी एकच वाट आहे, तिच्यातून पाणी येतं, म्हणून कुठल्याही कुंडीत दोर सोडला तरी ते मिळतं. आमच्या रिपीटरला खालची वाटच नव्हती. त्याला भिंतीतून ओरडा ऐकून दुसरा ओरडा करायला लावला होता. पुतण्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "काकू, यालाच मेश म्हणतात, आणि डबे केबलने जोडले तर त्याला तोड नाही." त्याने दोन डब्यांचा संच आणला. एक बैठकीत, राउटरजवळ. दुसरा मागच्या खोलीत. दोघांच्या मध्ये वायर.

वायर न्यायची कुठून हा प्रश्न उरला. ड्रिलचं पातं दोन फुटी भिंतीच्या निम्म्यातही पोचेना, चुना भुसभुशीत होऊन गळू लागला. शेवटी भिंत सोडली आणि वरून गेलो, लाकडी छताच्या तुळईला धरून, प्रत्येक खोलीच्या उंच झरोक्यातून. हे झरोके धूर जायला ठेवलेले. त्यांतून निळी केबल बैठक, माजघर, स्वयंपाकघर पार करून मागे उतरली. दोन्ही डब्यांचं नाव एक, पासवर्ड एक. फोन हातात घेऊन चाललं तर कुठे एका डब्याने सोडलं आणि दुसऱ्याने धरलं ते कळतही नाही.

मग अक्का बसल्या. मला या सगळ्यातलं हे सांगायचं होतं. मागच्या खोलीत त्यांचा पाट, समोर सूप, सुपात डाळ, आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवलेला. पलीकडे रावेरचे मामा. "सगळं बरं आहे" हे वाक्य मी त्यानंतर फारसं ऐकलं नाही. केळीचा भाव पडला, कोणाच्या घडांना गारपिटीने मारलं, धाकट्या सुनेचं बाळंतपण, आईच्या हातच्या वरण-बट्टीत काय असायचं यावरून वाद. बोलता बोलता अक्का आपल्या माहेरच्या तावडी बोलीत शिरायच्या. त्या बोलीत त्या हसायच्या, भावाला दमात घ्यायच्या, वडिलांनी त्यालाच शाळेत घातलं हे ऐकवायच्या. इतकी वर्षं मी त्यांच्यासोबत स्वयंपाक केला, आणि ही बाई मला तेव्हा भेटली.

आमच्या गल्लीत दिवसभर पॉवरलूम चालतात. खटखट इतकी, की परक्या माणसाला फोनवर बोलवत नाही. वीज गेली की माग थांबतात आणि गल्ली एकदम शांत होते, पण त्याच क्षणी राउटरही विझतो. म्हणजे शांतता असते तेव्हा बोलता येत नाही. म्हणून राउटरला आणि दोन्ही डब्यांना छोटी बॅटरी घेतली. वीज गेली की अक्का हातातलं काम टाकून फोन उचलायच्या, कारण तेव्हा मामांना त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू जायचा.

मागच्या खोलीची खिडकी बोळात उघडते. बोळात मागावर काम करणाऱ्यांची एकखोली घरं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मध्य प्रदेशात 'हमारा घर हमारा विद्यालय' सुरू झालं, धडे पालकांच्या व्हॉट्सअॅपवर येऊ लागले. बोळातल्या एका मुलीच्या घरी फोन एकच, तो वडिलांबरोबर मागावर. रात्री फोन घरी यायचा तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असायचा. तिची आई हे अक्कांना खिडकीतून सांगत होती. अक्कांनी मला हाक मारली आणि डबा कोनाड्यातून काढून खिडकीच्या गजांशी ठेवायला लावला. "ती काय अख्खं नेट पिऊन टाकणार आहे?" मुलीला पासवर्ड दिला. ती रोज रात्री आमच्या खिडकीखाली पोत्यावर बसून धडे उतरवून घ्यायची. मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या. आमच्या घरात यावर कुरबूर झाली, अक्कांनी ती ऐकूनही घेतली नाही. ज्यांनी आयुष्यभर फोन उभ्याने केला, त्यांनी त्या मुलींना बसायला खिडकीतून आणखी दोन पोती दिली.

मला वाटतं, कुंडी भंडाऱ्याखाली विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आपल्यापुरतं देऊन टाकलं.

सध्या माझे धाकटे दीर लालबागेकडे घर बांधताहेत. मागच्या रविवारी वायरमनने नकाशा आणला. नेटचा पॉइंट एकच, हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीवर. मी जाऊबाईंना बाजूला घेऊन बसले आणि दोघींनी मिळून आणखी तीन खुणा केल्या, एक स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, एक मागच्या खोलीत, एक गल्लीकडच्या ओसरीत. दीर म्हणाले, "वहिनी, एवढं कशाला, एक चांगला राउटर घेऊ." त्यांना सांगितलं, की राउटर केव्हाही घेता येतो, भिंतीतली वाट आत्ताच ठेवावी लागते, आणि नेटची केबल विजेच्या वायरींच्या पाइपात कोंबायची नाही, तिला वेगळा पाइप. वायरमन हो म्हणाला, पण त्याने कागदावर लिहून घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात गिलावा सुरू होतोय. त्याआधी आम्ही दोघी तिथे जाऊन प्रत्येक पाइप हाताने मोजून घेणार आहोत.